वंध्यत्वावरचे उपचार: मध्येच फुटणारं हसू, सरमिसळ भावना आणि त्यामागची नेमकी कारणं

तगर
आयव्हीएफ (बीजं बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करायची आणि भ्रूण गर्भाशयात ठेवायचं) किंवा आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडायचं) चालू असताना हसू फुटावं अशा गोष्टी जवळपास रोज घडतात. लघवी तुंबलेली असताना ‘अंग अगदी सैल सोडा’ असं सांगितलं जातं. जवळ कधी यायचं ते मोबाइलचा गजर ठरवतो. पाच दिवसांच्या, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या भ्रूणाला ‘४एबी’ असा शेरा मिळतो. आणि त्याच दिवशी, कधीकधी त्याच तासात, रडूही कोसळतं.

मग प्रश्न पडतात. असं हसणं म्हणजे आपण हे गांभीर्याने घेत नाही का? हसल्याने काही बिघडेल का? जवळच्या मैत्रिणीच्या बातमीने पोटात खड्डा पडला तर मी वाईट आहे का?

आपापल्या कहाण्यांसाठी वेगळे धागे आहेत. इथे ज्यांना या विषयाची नीट माहिती आहे त्यांनी लिहावं: काय होतं, का होतं, काय चुकतं. कारण कळलं की निम्मी भीती जाते आणि हसायलाही मोकळीक मिळते, असं मला ठामपणे वाटतं.

सावनी_क
चांगला विषय. सुरुवात बीजं वाढवायच्या रोजच्या इंजेक्शनांपासून करते, कारण घरातलं पहिलं हसू आणि पहिलं रडू बहुधा तिथेच असतं.

इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये असेल तर टोचण्याआधी २०-३० मिनिटं बाहेर काढून ठेवा. गार औषध जास्त चरचरतं. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की आग होते आणि दोष सुईवर जातो. बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, कातडीची घडी धरून, रोज बाजू बदलून. बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहा अंक मोजा, मगच सुई काढा. सुईच्या टोकाशी एखादा थेंब उरला तर औषध वाया गेलं म्हणून जीव काढू नका. खिडकीत मात्र शून्य दिसलंच पाहिजे. तिथे ३७.५ सारखा आकडा अडकला असेल तर पेन संपलंय आणि तेवढा डोस राहिलाय. नव्या पेनमधून फक्त तेवढाच घ्यायचा, पूर्ण डोस पुन्हा नाही.

भुकटीच्या कुप्या असतील तर द्रावण पहिल्या कुपीत घालून भुकटी विरघळली की तेच द्रावण ओढून पुढच्या कुपीत घालायचं. कुपी जोरात हलवू नका, तळव्यांत हळू फिरवा, नाहीतर फेस होतो आणि सुईत औषधाऐवजी हवा येते. कातडीखाली बारीक बुडबुडा गेला तर धोका नसतो. मोठा बुडबुडा असेल तर डोस कमी पडतो, म्हणून तो काढायचा.

आता या कुप्यांची गोष्ट. यातलं औषध, म्हणजे एचएमजी, पाळी कायमची थांबलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढतात. पाळी गेल्यावर अंडाशय प्रतिसाद देत नाही, म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच (बीज वाढवणारा आणि बीज फोडणारा हार्मोन) सोडतच राहते आणि ते लघवीत भरपूर उतरतं. १९५० च्या दशकात हे औषध तयार करताना एवढी लघवी आणायची कुठून, हा प्रश्न होता. इटलीत कॅथलिक मठांमधल्या वृद्ध जोगिणींकडून (नन) ती गोळा केली गेली. त्या औषधाने झालेलं पहिलं बाळ १९६२ सालचं. आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलेल्या स्त्रियांनी किती घरांत पाळणे हलवले! रात्री हात थरथरत असताना ही गोष्ट आठवून हसू आलं तर खुशाल हसा.

निरंजन७
सावनी, ट्रिगरच्या, म्हणजे बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या, वेळेबद्दलही लिहा ना. तिथे हसण्यावारी नेऊन चालत नाही.

सावनी_क
बरोबर. रोजचं एफएसएचचं इंजेक्शन तास-दीड तास पुढेमागे झालं तर सहसा काही बिघडत नाही. बीज आधीच फुटू नये म्हणून देतात ती अँटॅगोनिस्ट इंजेक्शनं थोडी जास्त काटेकोर. त्यातल्या गॅनिरेलिक्सच्या दोन डोसांत ३० तासांहून जास्त अंतर पडता कामा नये. आणि ट्रिगर म्हणजे घड्याळ. बीजं काढायची वेळ त्यापासून ३४ ते ३६ तासांवर बेतलेली असते. लवकर काढली तर कच्ची मिळतात, फार उशीर झाला तर आधीच फुटून गेलेली असतात.

सर्वांत जास्त घोळ ‘मंगळवारी रात्री १२’ या सूचनेने होतो. सोमवार संपतानाचे १२ की मंगळवार संपतानाचे? लिहून मागा: वार, तारीख, आणि ‘अमुक वार संपताना’. चुकून वेळ टळलीच तर लगेच फोन करा, मध्यरात्र असली तरी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक बीज काढण्याची वेळ सरकवून निभावता येते. लपवलेली चूक कोणालाच निभावता येत नाही.

प्रयोगशाळेतून
भ्रूणशास्त्राच्या बाजूने लिहितो. सर्वांत अवघडलेला माणूस आमच्या खिडकीशी येतो तो वीर्याचा नमुना द्यायला. त्याच्यासाठी काही सरळ गोष्टी.

शेवटच्या स्खलनानंतर २ ते ७ दिवसांचं अंतर असावं. जास्त दिवस थांबलं की नमुना चांगला होतो असा समज आहे. संख्या वाढते, पण हालचाल मंदावते. हात आणि अवयव स्वच्छ धुऊन नीट कोरडे करा, साबण राहू देऊ नका. लाळ, तेल, नेहमीचं वंगण चालत नाही. हे सगळं शुक्राणूंना मारक आहे. साधा कंडोमही नाही. घरून आणणार असाल तर डबी अंगालगत, आतल्या खिशात ठेवा आणि शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोहोचवा. फ्रिज किंवा बर्फ नको.

थोडा नमुना सांडला तर सांगा. विशेषतः पहिला भाग सांडला तर नक्कीच, कारण बहुतांश शुक्राणू त्यातच असतात. सांगितलं नाही तर अहवाल विनाकारण वाईट येतो आणि त्यावर पुढचे निर्णय होतात. डबीवरचं नाव स्वतः वाचून खात्री करा. आम्ही तेच तेच विचारतो तेव्हा लोक ओशाळतात, पण अदलाबदल टाळायचा तोच मार्ग आहे.

आणि त्या खोलीत काहीच जमलं नाही तर? हे नेहमीच होतं. दबाव असला की शरीर ऐकत नाही. असं होऊ शकतं असं वाटत असेल तर आधीच सांगून एक नमुना गोठवून ठेवा. मग ऐन दिवशी पर्याय आहे एवढ्या जाणिवेनेच अनेकदा गोठवलेला वापरायची वेळ येत नाही.

मीरा_मीरा
अहवालात ‘सामान्य आकाराचे शुक्राणू ४%’ असं पाहून लोक कोसळतात. म्हणजे ९६% बिघडलेले?

प्रयोगशाळेतून
४% हीच तर खालची मर्यादा आहे! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत वीर्याचं आकारमान १.४ मिली, शुक्राणूंची संख्या दर मिलीला १.६ कोटी, एकूण हालचाल ४२%, पुढे जाणारी हालचाल ३० टक्के आणि सामान्य आकार ४% अशा खालच्या मर्यादा आहेत. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात नैसर्गिकरीत्या गर्भ राहिला अशा पुरुषांच्या आकड्यांवरून त्या काढल्यात. डोकं वाकडं, शेपूट दोन, मान जाड असे बहुसंख्य शुक्राणू प्रत्येकाकडेच असतात. यावर नवरा-बायको दोघं मिळून हसले तर मला बरंच वाटतं, कारण ते हसू खऱ्या माहितीवर उभं आहे.

एकाच अहवालावर शिक्का मारू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वीचा जोराचा ताप आजच्या अहवालात दिसतो.

आर्जव
‘आज रात्रीच’ या प्रकाराबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. बीज फुटण्याआधीचे पाच दिवस आणि फुटण्याचा दिवस, असा सहा दिवसांचा काळ उपयोगी असतो. शुक्राणू आत काही दिवस तग धरतात, बीज मात्र जेमतेम दिवसभर. म्हणून लघवीच्या पट्टीवर एलएच वाढलेला दिसला की ‘आत्ताच्या आत्ता’ असं नसतं; त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज फुटतं. त्या आठवड्यात दर एक-दोन दिवसांनी संबंध आला तरी पुरे. हे कळलं की घड्याळ पुष्कळ सैल होतं.

नंतर पाय भिंतीला लावून वर धरणं, उशी, तासभर निश्चल पडून राहणं याने गर्भधारणेची शक्यता वाढते असा पुरावा नाही. शुक्राणू काही मिनिटांत पुढे निघालेले असतात. बाहेर येतं ते बहुतेक सगळं द्रव.

पट्टी फक्त एकाने पाहायची की दोघांनी, हे जोडप्याने ठरवावं. काही पुरुषांना नेमका दिवस न सांगितलेला बरा पडतो. पण मग बाईवर सगळं हिशेब ठेवण्याचं ओझं येतं, आणि त्या रागाला मोकळी वाट हवी.

शमिका
प्रयोगशाळेतून, बीजापासून भ्रूणापर्यंत होणाऱ्या गळतीबद्दल सांगा. फोन येतो आणि रोज आकडा कमी होतो, तिथे हसू पार आटतं.

प्रयोगशाळेतून
हो, तो सर्वांत जड काळ. सरासरी धरून उदाहरण देतो, कोणाचाही निकाल असा नेमका येत नाही. १२ बीजं मिळाली तर ९-१० पक्व असतात. त्यातली ७० टक्क्यांच्या आसपास फलित होतात, म्हणजे ६-७. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे भ्रूणाच्या फुगलेल्या, पुढच्या अवस्थेपर्यंत, त्यातली साधारण निम्मी किंवा थोडी कमी पोहोचतात, म्हणजे ३. हे अपयश नाही, मानवी भ्रूणांचं हे असंच असतं. नैसर्गिक गर्भधारणेतही अशी गळती होते, तिथे फक्त कोणी फोन करून सांगत नाही. म्हणून आकडा ‘१२ चे ३ उरले’ असा न ऐकता, आपल्याला मुळात कितीची अपेक्षा ठेवायची होती ते आधीच विचारून ठेवा.

शेऱ्याबद्दल: पहिला अंक भ्रूण किती फुगलंय आणि कवचातून किती बाहेर आलंय ते सांगतो, १ ते ६. पहिलं अक्षर आतल्या पेशींसाठी, ज्यातून बाळ घडतं. दुसरं बाहेरच्या पेशींसाठी, ज्यातून वार तयार होते. ए, बी, सी. हे निव्वळ दिसण्यावरून दिलेले शेरे आहेत, गुणसूत्रं त्यातून कळत नाहीत. ‘४बीबी’पासून निरोगी मुलं नेहमी होतात. भ्रूणांना टोपणनावं ठेवणारे लोक असतात आणि आम्हाला ते आवडतं. पण नाव ठेवलं की ते भ्रूण थांबलं तेव्हा दुःख जास्त बोचतं, हेही आधी माहीत असावं. काहींना नाव हवंच असतं, कारण त्या दुःखाला धरायला काहीतरी लागतं. दोन्ही बरोबर.

कावेरी
ट्रान्सफरबद्दल, म्हणजे भ्रूण गर्भाशयात ठेवण्याबद्दल, मी लिहिते, तुंबलेल्या लघवीसकट.

भरलेलं मूत्राशय दोन कामं करतं. पोटावरून सोनोग्राफीत गर्भाशय स्पष्ट दिसतं, आणि पुढे झुकलेलं गर्भाशय थोडं सरळ होऊन नळी सहज जाते. तासभर आधी अर्धा लिटरच्या आसपास पाणी पुरतं. लोक भीतीपोटी दीड लिटर पितात, त्यात वेळापत्रक लांबतं आणि मग टेबलावर अंग आखडतं. असह्य झालं तर परिचारिकेला सांगून थोडी लघवी करून या. ‘थोडीच’ करणं अवघड असतं, म्हणून छोटा कप मोजून वापरतात. सगळी झाली तरी बिघडत नाही, पुन्हा पाणी पिऊन थांबायचं.

पडद्यावर जो पांढरा ठिपका चमकतो तो भ्रूण नाही, त्याच्यासोबत सोडलेल्या द्रवातली हवा आहे. भ्रूण सोनोग्राफीत दिसतच नाही. तरी त्या ठिपक्याचा फोटो जपून ठेवावासा वाटतो, तो जपावा.

उठलं, लघवी केली, शिंक आली, खदखदून हसलं तर भ्रूण पडत नाही. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, आत पोकळ खोली नसते. लघवीची वाटही वेगळी. ट्रान्सफरनंतर झोपून राहिल्याने यश वाढत नाही हे तपासलं गेलंय, त्यामुळे पडून राहायची सक्ती करून घेऊ नका.

हसण्यावर तर अभ्यासच झालाय. इस्राएलमध्ये ट्रान्सफरनंतर लगेच रुग्णालयातला प्रशिक्षित विदूषक काही स्त्रियांकडे पाठवला गेला, काहींकडे नाही. २०११ साली निष्कर्ष छापले गेले. २१९ स्त्रियांमध्ये, विदूषक भेटलेल्यांत गर्भधारणा ३६.४ टक्के, न भेटलेल्यांत २०.२ टक्के.

निरंजन७
म्हणजे हसल्याने मूल होतं?! कृपा करून असं पसरवू नका. उद्या सगळ्या सासवा, मावश्या ‘हसत राहा गं’ म्हणत बसतील आणि निकाल नकारात्मक आला की दोष पुन्हा त्या मुलीच्या डोक्यावर.

कावेरी
निरंजन, तुमचं म्हणणं अगदी मान्य, आणि पुढचं तेच लिहिणार होते. अभ्यास लहान होता आणि गटवाटणी पूर्णपणे यादृच्छिक नव्हती. एवढ्यावरून ‘हसा म्हणजे राहील’ असं सांगता येत नाही. त्याच वर्षी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. उपचारांआधीचा मानसिक त्रास आणि उपचारांचं यश यांचा संबंध आढळला नाही. म्हणजे चिंता केल्याने, रडल्याने, रागावल्याने उपचारांचं चक्र फसत नाही. ‘ताण सोड म्हणजे होईल’ हे वाक्य चुकीचं आहे आणि दुखावणारंही आहे. ताण कमी करायचा तो दिवस सुसह्य व्हावा म्हणून. हसायचं तेही त्यासाठीच.

शमिका
हे शेवटचं ठळक करून वर चिकटवा कोणीतरी.

मीरा_मीरा
ट्रान्सफरनंतरच्या वाट पाहण्याबद्दल. प्रोजेस्टेरॉनमुळे (गर्भाशयाचं अस्तर टिकवणारा हार्मोन, तो औषध म्हणून देतात) छाती दुखते, पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतं, झोप येते, चिडचिड होते. गर्भ राहिला तरी हेच, पाळी येणार असली तरी हेच, आणि काहीच नसलं तरी औषधामुळे हेच. म्हणून लक्षणं वाचून निकाल काढता येत नाही. लक्षण अचानक गेलं यावरूनही नाही.

घरची चाचणी लवकर करू नका याचं कारण: ट्रिगर एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होतो त्या हार्मोनचा, असेल तर तोच हार्मोन ती पट्टी पकडते, आणि तो शरीरात १०-१४ दिवस राहू शकतो. दोन रेघा दिसतात त्या इंजेक्शनच्या. उलट फार लवकर केली तर खरी गर्भधारणाही सुटते. पाच दिवसांचं भ्रूण असेल तर रक्तातली बीटा एचसीजी ट्रान्सफरनंतर ९ ते १२ दिवसांनी करतात. पुढे पहिल्या आकड्यापेक्षा ४८ तासांत तो कसा वाढतो याला जास्त महत्त्व.

प्रोजेस्टेरॉनच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्यांचा मेणचट स्राव येतो, रंगही विचित्र असतो. औषध शोषलं जातं, बाहेर येतो तो गोळीचा आधारपदार्थ. अर्धा तास पडून राहिलं तर त्रास कमी, पातळ पॅड वापरा, टॅम्पॉन नको. रक्ताचा डाग दिसला तरी औषध मनाने बंद करायचं नाही.

हिशेबातली एक गंमत: पाच दिवसांचं भ्रूण आत ठेवतात त्या दिवशी कागदावर गर्भ २ आठवडे ५ दिवसांचा असतो, कारण मोजणी बीज काढण्याच्या दोन आठवडे आधीपासून धरतात. चाचणी सकारात्मक आली त्या दिवशी ‘चौथा आठवडा’ ऐकून अनेक जण गोंधळतात.

तगर
धाग्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळूया का? भावनांबद्दल कोणी समुपदेशनातलं आहे?

अंतरा_स
आहे. थोडं सविस्तर लिहिते.

मैत्रिणीची बातमी ऐकून आनंद आणि असूया एकदम येतात. एकीने दुसरी खोटी ठरत नाही. असूया तिच्या बाळाबद्दल नसते, आपल्या हातून निसटलेल्या वेळेबद्दल असते. बातमी सांगणाऱ्यांसाठी: समोरासमोर, चारचौघांत सांगू नका. आधी मेसेज करा, ‘तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून सांगतेय, उत्तराची घाई नाही’ एवढं पुरे. समोरचीला चेहरा सावरायला वेळ मिळतो आणि आनंदही खरा पोहोचतो. ओटीभरण, बारसं यांना जायचं नसेल तर छोटा, ठाम नकार द्या, लांबलचक सबबी नकोत.

चक्र रद्द झालं आणि सुटल्यासारखं वाटलं, तर मूल नकोच होतं असा अर्थ काढू नका. शरीर थकलेलं असतं. सकारात्मक निकालानंतर आनंदाऐवजी भीती येणं फारच सर्रास आहे. इतके दिवस प्रत्येक टप्प्यावर वाईट बातमीची तयारी केलेलं मन एका फोनने बदलत नाही. पहिलं मूल असून दुसऱ्यासाठी उपचार घेणाऱ्यांना ‘एक आहे ना’ असं ऐकवलं जातं, त्यांना आपल्या दुःखाचीच लाज वाटू लागते. तेही दुःख पूर्णच.

आता विनोद. माझ्या मते नियम एकच: ज्याच्या शरीरावर किंवा मनावर तो प्रसंग आत्ता चालू आहे, त्याने सुरुवात केली तर इतरांनी सामील व्हावं. सुई तिच्या पोटात जातेय तर त्या सुईवर पहिला विनोद तिचा. नमुन्याच्या खोलीवर पहिला विनोद त्याचा. नातेवाइकांनी या यादीत यायचं कारण नाही.

दोघांपैकी एक जण प्रत्येक वेळी विनोद करत असेल आणि दुसऱ्याला रडायला जागाच उरत नसेल, तर तो विनोद भिंत झालाय. हे बऱ्याचदा पुरुषांकडून होतं, कारण उपचारांत त्यांना करायला फारसं काही दिलं जात नाही आणि ‘तू तिला सांभाळ’ एवढंच सांगितलं जातं. त्यांना ठरावीक काम द्या: औषधांचा साठा मोजणं, ट्रिगरची वेळ सांभाळणं, फोन घेणं. आणि त्यांनाही कोणीतरी ‘तू कसा आहेस’ असं विचारा.

आर्जव
फोन घेण्यावरून आठवलं. निकाल कसा कळवायचा ते आधी ठरवता येतं. कोणाला, किती वाजल्यानंतर, फोन की मेसेज. कचेरीत बैठकीत असताना कळू नये असं वाटत असेल तर केंद्राला तसं सांगा, बहुतेक ठिकाणी नोंद करतात.

सावनी_क
एक राहिलं. बीजं काढल्यावर पोट फुगतं, ते काही अंशी अपेक्षित असतं आणि त्यावर विनोदही होतात. पण दिवसाला एक किलोहून जास्त वजन वाढणं, लघवी कमी होणं, दम लागणं, सतत उलट्या, पोट ताणून दुखणं ही अंडाशय अतिउत्तेजित झाल्याची लक्षणं आहेत. लगेच कळवायचं. काढल्यापासून रोज सकाळी वजन आणि पोटाचा घेर लिहून ठेवा, म्हणजे फोनवर आकडे सांगता येतात. खूप बीजं मिळालेल्यांनी, पीसीओएस (अंडाशयांशी संबंधित हार्मोनचा विकार) असलेल्यांनी जास्त लक्ष द्यावं. ताप किंवा खूप रक्तस्राव असेल तरीही थांबू नका.

अंतरा_स
त्याला जोडून: दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप न येणं, कशातच रस न वाटणं, जगणं नको वाटणं, हेही फोन करण्याचंच लक्षण आहे. पुढचं चक्र त्यासाठी थांबवावं लागलं तर थांबवा. गोठवलेली भ्रूणं उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये असतात, महिना-दोन महिन्यांनी त्यांचं काही बिघडत नाही.

शमिका
आणि कुठलंही औषध मध्येच थांबवायचं असेल तर केंद्राला विचारूनच. गोठवलेल्या भ्रूणाच्या चक्रात गर्भाशयाचं अस्तर गोळ्यांवरच तयार केलेलं असेल तर प्रोजेस्टेरॉन बाहेरूनच मिळत असतं, म्हणून गर्भ राहिल्यावरही ते साधारण १० ते १२ आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. ‘आता राहिलंय, गोळ्या कशाला’ असं घरचे म्हणतात तेव्हा हे सांगा.